हाताची घडी, तोंडावर बोट: कमी खर्चातल्या यूजर टेस्टिंगचे सात आठवडे

४ ऑगस्ट, सोमवार. आम्ही बनवलेल्या ग्रंथालयाच्या ॲपचे आकडे मीटिंगमध्ये पडद्यावर होते. लोक ॲपवर येत होते, पुस्तक शोधत होते, आणि ते राखून ठेवायच्या पायरीपर्यंत येऊन मागे फिरत होते. डेव्हलपरचं म्हणणं, सुरुवातीला चार पानांच्या सूचना टाकू. ग्रंथपालबाई म्हणाल्या, बटण मोठं करा. मी म्हटलं, आधी लोकांना वापरताना बघू या. सगळ्यांना पटलं. मग बाहेरच्या एका संस्थेचं दरपत्रक आलं: आठ आठवडे लागणार आणि रक्कम आमच्या अख्ख्या बजेटच्या जवळपास निम्मी. खोलीत शांतता पसरली आणि त्या शांततेत मी म्हणून गेले, "मग मीच करते."

खरं सांगायचं तर नऊ वर्षं डिझाइन करूनही मी स्वतः एकही चाचणी घेतली नव्हती. आधीच्या नोकरीत त्यासाठी वेगळी टीम होती. त्यांचा अहवाल यायचा आणि मी त्यातली शेवटची तीन पानं वाचायचे. त्यामुळे हे लिहितेय ते माझ्यासारख्याच, पहिल्यांदा उडी मारणाऱ्यांसाठी.

पहिले दोन दिवस एकाही वापरकर्त्याला त्रास दिला नाही. मी आणि एक सहकारी वेगवेगळ्या खोल्यांत बसलो आणि एकमेकांशी न बोलता, ठरलेल्या तत्त्वांवर घासून ॲपमधल्या चुका काढल्या. याला ह्युरिस्टिक इव्हॅल्युएशन म्हणतात. जेकब नील्सन आणि रोल्फ मोलिक या वापरसुलभतेच्या तज्ज्ञांनी ही पद्धत १९९० मध्ये मांडली आणि नील्सननी १९९४ मध्ये सुधारलेली १० तत्त्वं आजही बहुतेक जण वापरतात. वेगवेगळं बसणं महत्त्वाचं, नाहीतर दुसरा माणूस पहिल्याच्या यादीला फक्त "हो, हो" म्हणत राहतो. माझ्या १७ चुका, त्याच्या १४, आणि दोघांच्या यादीत सामाईक फक्त ६. पुस्तक परत करायची तारीख फिकट राखाडी अक्षरांत होती. कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षरं आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक, मोजला तर २.८ ला १. वेब ॲक्सेसिबिलिटीच्या मार्गदर्शक तत्त्वांत साध्या मजकुरासाठी किमान ४.५ ला १ हवा. ती राखाडी मीच निवडली होती, "शांत दिसते" म्हणून.

असल्या चुका आम्ही लगेच दुरुस्त केल्या. माणसं मिळवणं किती कष्टाचं आहे ते पुढे येईलच. आपल्याला आपल्याच डोळ्यांनी दिसणाऱ्या गोष्टी सापडायला त्यांचा वेळ घालवू नका.

गुरुवारी टास्क, म्हणजे चाचणीत लोकांना द्यायची कामं, लिहायला बसले आणि तिथेच पहिली ठेच लागली. मी लिहिलं होतं, "एखादं पुस्तक राखून ठेवून दाखवा." आमच्या बटणावर काय लिहिलंय? "राखून ठेवा." म्हणजे प्रश्नपत्रिकेतच उत्तर छापलेलं. समोरचा माणूस तो शब्द शोधणार, दाबणार आणि मी खूश होणार. पाच वेळा खोडून शेवटी असं झालं: "तुम्हाला हवं असलेलं पुस्तक सध्या दुसऱ्या कुणीतरी नेलंय. ते परत आलं की तुम्हालाच मिळावं, यासाठी तुम्ही काय कराल?" तेव्हापासून एक सवय लागली आहे. टास्क लिहून झाला की पडद्यावरचे सगळे शब्द एका कागदावर काढायचे आणि टास्कमध्ये त्यातला एकही आला असेल तर वाक्य पुन्हा लिहायचं. टास्क चारच ठेवले. सात होते, पण पायलटनंतर, म्हणजे रंगीत तालमीनंतर, तीन गळले.

८ तारखेला ग्रंथालयाला पत्र दिलं: सभासदांशी संपर्क साधायची आणि दर्शनी दालनात एक टेबल मांडायची परवानगी हवी. मला वाटलं होतं, दोन दिवसांत होईल. पत्र समितीकडे गेलं आणि समितीची बैठक १९ तारखेला होती. मधल्या काळात दोनदा फोन आला. एकदा विचारलं, चेहरे दिसणार का? दुसऱ्यांदा, चित्रण कुठे ठेवणार आणि किती दिवस? दोन्हींचं उत्तर माझ्याकडे तयार नव्हतं. रात्री बसून एक पानी संमतिपत्र लिहिलं: फक्त फोनचा पडदा आणि आवाज मुद्रित होईल, चेहरा नाही. नाव माझ्यापलीकडे कुणाला कळणार नाही. चित्रण जास्तीत जास्त ३० दिवस ठेवू. कधीही, कारण न सांगता, उठून जाता येईल. हे पान पत्रासोबतच जोडलं असतं तर दोन्ही फोन वाचले असते. तुम्ही जोडा. आणि संमतिपत्र एक पानाच्या वर जाऊ देऊ नका. दोन पानं दिली की माणूस न वाचता सही करतो, आणि मग त्या सहीला काय अर्थ?

ते अकरा दिवस वाया गेले नाहीत. ॲपचे आठ पडदे मी कागदावर हाताने काढले, उघड-मिट होणाऱ्या याद्या चिकटचिठ्ठ्यांवर लिहिल्या आणि ऑफिसच्या इमारतीत, आमच्या प्रकल्पाशी संबंध नसलेल्या तीन जणांना दहा-दहा मिनिटं पकडलं. ते कागदावर बोट टेकवणार, मी पुढचा कागद ठेवणार. मी म्हणजे संगणक. पहिल्या मिनिटाला हसू येतं, मग माणूस खरोखर त्यात शिरतो. कागदाचा एक फायदा मला आधी कळला नव्हता. पडदा कच्चा दिसतो म्हणून लोक मोकळेपणाने नावं ठेवतात. गुळगुळीत, रंगवलेलं डिझाइन दाखवलं की भिडस्तपणा आड येतो. माझ्या आत्याला पूर्ण रंगीत पडदे दाखवले होते तेव्हा तिने सगळ्यालाच "छान" म्हटलं. आपल्या माणसांवर चाचणी करू नये असं सांगतात ते याचसाठी.

माणसं जमवायचं काम मी कमी लेखलं होतं. समितीची मान्यता १९ ला आली, त्याच संध्याकाळी ग्रंथालयाने ३१ सभासदांना माझा निरोप पाठवला. ११ उत्तरं आली. तीन प्रश्नांनी चाळणी लावली: गेल्या तीन महिन्यांत पुस्तक नेलंय का, फोनवरून कुठलंही बुकिंग स्वतः करता का, आणि संगणक किंवा डिझाइन क्षेत्रात काम करता का? तिसऱ्याला "हो" म्हणणाऱ्या दोघांना नम्रपणे नाही कळवलं. उरलेल्यांतले सहा जण ठरले. पाच हवे होते, एक जादा धरला. एक आलाच नाही आणि एकीने आदल्या रात्री रद्द केलं. चाळणीतून उरलेल्यांतल्या एकाला ऐनवेळी बोलावून पाच भरले. म्हणजे पाचाला सहा पुरत नाहीत, सात धरा.

२० तारखेला पायलट. सहकाऱ्याला बसवलं, सगळं अगदी खऱ्यासारखं. ४५ मिनिटांचं काम ७० मिनिटं चाललं. शेवटी रेकॉर्डिंग उघडलं तर चित्र होतं, आवाज नव्हता. स्क्रीन रेकॉर्डर सुरू करताना मायक्रोफोन निवडावा लागतो, तो मी निवडला नव्हता. मधेच सहकाऱ्याच्या बहिणीचा खासगी मेसेजही पडद्यावर झळकला आणि रेकॉर्ड झाला. ते चित्रण त्याच्यासमोरच पुसलं. म्हणून एक पान लिहून फोनच्या पाठीला चिकटवलं: मायक्रोफोन चालू, सूचना बंद, जागा किती उरली, चार्जर. आणखी एक युक्ती, ज्याला एक पैसाही लागत नाही: अँड्रॉइड फोनच्या माहितीच्या पानावर बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारली की डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात. त्यात "शो टॅप्स" चालू करा. बोट जिथे टेकेल तिथे ठिपका दिसतो आणि तो रेकॉर्डिंगमध्येही येतो. कॅमेरा, स्टँड, काही लागत नाही.

२२ ऑगस्टच्या शुक्रवारी सकाळी दहा वाजता पहिल्या बाई आल्या. मी ठरल्याप्रमाणे सांगितलं, "ताई, परीक्षा ॲपची आहे, तुमची नाही. जे मनात येईल ते मोठ्याने बोलत राहा." मोठ्याने विचार करायला लावायची ही पद्धत डिझाइनमध्ये आणली आयबीएममधल्या क्लेटन लुईस यांनी, १९८२ मध्ये. आज तरी याहून स्वस्त आणि याहून उपयोगी साधन मला माहीत नाही. बाईंनी पुस्तक शोधलं आणि त्या थबकल्या. पाच सेकंद. दहा. माझ्या पोटात गोळा आला आणि तोंडातून निघून गेलं, "खाली बघा ना जरा." त्यांनी खाली बघितलं, बटण दाबलं, काम झालं. माझं म्हणाल तर ते सत्र वाया गेलं होतं, कारण आता मला कधीच कळणार नव्हतं की त्या स्वतःहून खाली गेल्या असत्या का.

मधल्या सुट्टीत वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: हाताची घडी, तोंडावर बोट. शाळेत बाईंनी सांगितलं तेव्हा जमलं नव्हतं, आता जमवायचं होतं.

दुसरे आले ते साठीच्या पुढचे एक काका, शिस्तशीर, वाचनाचा चष्मा वेगळा. त्यांचा दुसरा टास्क होता, "नेलेलं पुस्तक अजून वाचून झालं नाही, आणखी आठवडाभर हवंय." ते "माझी पुस्तकं" या पानावर बरोबर पोचले. तिथे प्रत्येक पुस्तकाखाली आमचं बटण: "नूतनीकरण करा." त्यांचा अंगठा बटणावर गेला, तसाच अधांतरी राहिला, मागे आला. पुन्हा गेला, पुन्हा मागे. मी घड्याळ बघत होते. ४० सेकंद. टेबलाखाली माझी नखं तळहातात रुतली होती. मग ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "नूतनीकरण नको, सभासदत्व तर मार्चपर्यंत आहे. हे दाबलं की फी मागतील." आणि ॲप बंद करून माझ्याकडे बघत म्हणाले, "मी सरळ फोन करून सांगतो, तारीख वाढवून द्या म्हणून."

तारीख वाढवून द्या! बटणाचं नाव मी तीन दिवस ठरवत होते, परिभाषाकोशही चाळला होता. काकांनी ते एका वाक्यात देऊन टाकलं.

तोच प्रकार राखून ठेवण्याचा. तिसऱ्या मुलीने "राखून ठेवा" दाबलं, पण तिला वाटलं, आवडीच्या यादीत गेलं. नंतर निवांत बघू म्हणून आपण बातमी जपून ठेवतो तसं. चौथ्या गृहस्थांना वाटलं, राखून ठेवा म्हणजे ग्रंथालयातल्या लोकांसाठी सूचना असावी. मी शेवटी विचारलं, "हे पुस्तक तुम्हाला मिळावं म्हणून एरवी काय करता?" ते म्हणाले, "काउंटरवर नंबर लावतो." मग शनिवारी दुपारी पाचव्या बाईंनी न विचारता तेच म्हटलं, "म्हणजे नंबर लावायचा ना?"

डेव्हलपरला मी शनिवारच्या दोन सत्रांना बसवलं होतं, खोलीच्या मागच्या कोपऱ्यात, दोन अटींवर: बोलायचं नाही आणि मान हलवायची नाही. पाचव्या बाई अडल्या तेव्हा तो खुर्चीतून अर्धा उठला आणि माझ्या नजरेने परत बसला. चार पानांच्या सूचनांचा विषय त्याने पुन्हा काढला नाही. अहवाल लिहून पाठवला असता तर एवढा परिणाम झाला असता असं मला वाटत नाही. जमलं तर निर्णय घेणाऱ्या माणसाला एक तरी सत्र प्रत्यक्ष बघायला लावा, मग ते अर्धं का असेना.

सत्रं संपली की त्याच दिवशी नोंदी उतरवायच्या, हा नियम मी शुक्रवारी पाळला आणि शनिवारी मोडला. सोमवारी शनिवारची वही मलाच लागेना. पाहिलेली एक गोष्ट एका चिठ्ठीवर, भिंतीवर चिकटवायची. "गोंधळले" असं नाही लिहायचं. "अंगठा दोनदा मागे, फी मागतील म्हणाले" असं लिहायचं. ६४ चिठ्ठ्या झाल्या. प्रत्येक अडचणीला शून्य ते चार असा गंभीरपणाचा आकडा दिला आणि फक्त तीन आणि चारच्या उचलल्या. बाकीच्या कितीही टोचल्या तरी थांबल्या.

व्यवस्थापकांनी अपेक्षित प्रश्न विचारला: पाच माणसांवर काय ठरवणार? मी याची तयारी करून गेले होते. नील्सन आणि थॉमस लँडॉअर यांच्या १९९३ च्या गणितात एक माणूस सरासरी ३१ टक्के अडचणी उघड करतो, म्हणून पाच जणांत सुमारे ८५ टक्के सापडतात. पण ही सरासरी आहे. संशोधक लॉरा फॉकनर यांनी २००३ मध्ये दाखवलं की पाचाच्या काही गटांना जेमतेम ५५ टक्केच सापडल्या. शिवाय दहातल्या एकालाच अडवणारी अडचण असेल, तर पाच जणांत ती दिसायची शक्यता ४१ टक्के. कॅल्क्युलेटरवर करून बघा: ०.९ चा पाचवा घात काढून एकातून वजा. म्हणून मी त्यांना एवढंच म्हटलं की पाच जणांवरून "किती टक्के लोक अडतात" हे सांगता येत नाही, पण पाचातले चार एकाच दगडाला ठेचकाळले तर दगड हलवायला सहाव्याची वाट बघायची गरज नाही. दुरुस्त करून पुन्हा पाच वेगळी माणसं बसवू. नील्सनही हेच सांगतात, पंधरा जणांची एकच फेरी घेण्यापेक्षा पाचाच्या तीन. ते राजी झाले. मला तीन मागायच्या होत्या, दोन मिळाल्या.

मी प्रत्येकाकडून शेवटी एसयूएसही (सिस्टिम युजेबिलिटी स्केल, वापरायला किती सोपं वाटलं ते मोजणारं) भरून घेतलं. जॉन ब्रुक यांची १९८६ ची दहा विधानांची प्रश्नावली, १०० पैकी गुण, ६८ च्या आसपास सरासरी मानतात. माझे सगळ्यांचे गुण ५० च्या जवळपास आले आणि मी एक अख्खी दुपार खिन्न होते. मग लक्षात आलं, सम क्रमांकाची विधानं नकारात्मक असतात आणि मी ती उलटी मोजलीच नव्हती. प्रत्येक उत्तर एक ते पाच असं असतं. विषम क्रमांकाच्या उत्तरांतून एक वजा करायचा, सम क्रमांकाची उत्तरं पाचातून वजा करायची, बेरजेला अडीचने गुणायचं. नीट केल्यावर ५५ ते ७७.५. पाच जणांच्या या आकड्यावर मी काहीही ठरवणार नाही, पण व्यवस्थापकांना आकडा आवडतो, म्हणून अहवालात ठेवला.

दुसरी फेरी ५ सप्टेंबरला. बटणं बदलली होती: "नंबर लावा" आणि "तारीख वाढवा". यावेळी सात जणांना बोलावलं, सहा आले, पहिले पाच घेतले आणि सहाव्यांना दहा मिनिटांचं छोटं काम देऊन रिकाम्या हाताने पाठवलं नाही. तारीख पाचही जणांनी अडखळल्याशिवाय वाढवली. नंबरही लावला. पण पुढच्या पडद्यावर आम्ही उत्साहाने लिहिलं होतं, "रांगेत तुमचा क्रमांक ४". दोघांनी विचारलं, "म्हणजे तिथे येऊन उभं राहायचं?" आता तिथे आहे, "तुमच्या आधी ३ जण. पुस्तक आलं की कळवू."

याच फेरीत एक ताई होत्या ज्या टॉकबॅक (पडद्यावरचं वाचून दाखवणारी अँड्रॉइडची सोय) लावून, केवळ ऐकून फोन वापरतात. त्यांनी पहिल्या पुस्तकावर बोट नेलं आणि फोन बोलला, "चित्र चार हजार चारशे एकाहत्तर." त्यांनी शांतपणे विचारलं, "हे कुठल्या पुस्तकाचं नाव?" मुखपृष्ठांना आम्ही पर्यायी मजकूर, म्हणजे चित्राऐवजी फोनने वाचून दाखवायचे शब्द, दिलाच नव्हता. दोन मिनिटं लागली त्यांना ते सापडायला, आणि आमच्या दोघांच्या मिळून २५ चुकांच्या याद्यांत ते कुठेच नव्हतं. पहिल्या फेरीतच त्यांना बोलवायला हवं होतं, हे मला अजून खुपतं.

खर्चाचं सांगते. माझे ६४ तास, सहकाऱ्याचे ९, डेव्हलपरचे ४. पैसे लागले ते फक्त छपाईला आणि आभाराच्या कुपनांना, सगळं मिळून त्या दरपत्रकाच्या विसाव्या भागापेक्षा कमी. पण तेवढ्यासाठी हिशेब विभागाने बिल परत पाठवलं, कुपन घेणाऱ्यांची नावं, फोन नंबर आणि सह्या हव्यात म्हणून. संमतिपत्रात तर मी लिहून दिलं होतं की नाव माझ्यापलीकडे जाणार नाही. अकरा दिवस पत्रापत्री झाली. शेवटी पावतीवर "प १", "प २" असे क्रमांक, त्यावर माझी आणि साक्षीदार म्हणून ग्रंथपालबाईंची सही, यावर सुटलं. चाचणीच्या आधी हिशेबवाल्यांना गाठा, नंतर नाही.

२१ सप्टेंबरला, रविवारी, दोन्ही फेऱ्यांची रेकॉर्डिंग पुसली. त्याआधी काकांची ती ४० सेकंदं एकदा पुन्हा बघितली. बटणावर ठिपका उमटतच नाही, आणि मागे माझ्या खुर्चीची कुरकुर ऐकू येते. सोमवारी ग्रंथालयात कळवायला गेले तर त्यांना "नष्ट केल्याचा दाखला" हवा होता आणि त्याचा नमुना त्यांच्याकडेही नव्हता. साध्या कागदावर चार ओळी लिहून दिल्या, त्यांनी शिक्का मारला.

भिंतीवर एक चिठ्ठी अजून आहे. दहातले सहा जण मुखपृष्ठावर टिचकी मारून काहीतरी होण्याची वाट बघत होते. नेमकं काय व्हायला हवं होतं असं विचारलं, तर सहा जणांनी सहा उत्तरं दिली.